पेस्तनजी मेहेरजी आणि दरबारची सावकारी

चरित्रे लिहावयाची म्हटली म्हणजे आमच्याकडे राजे, योद्धे आणि साधुसंत ह्यांचीच प्रथम आठवण होते. व्यापाऱ्याच्या घराण्याची वंशावळ तेवढी त्याच्या घरच्या वहीत राहते. पण कित्येकदा देशाचे बरेवाईट दरबारात ठरण्यापूर्वी पेढीवरच ठरलेले असते, म्हणून आज आम्ही पेस्तनजी मेहेरजी ह्या पारशी सावकाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. चारठाणे, जिंतूर, परभणी ह्या बाजूच्या व्यापाऱ्यांस तर हा विषय अगदी शेजारचा आहे. कारण ज्या वऱ्हाडात ही पेढी चढली आणि बुडाली, त्याची शीव आपल्या उत्तरेस लागूनच आहे, आणि ज्या निजामशाहीशी तिने व्यवहार केला तिच्याच अमलाखाली हा मुलूख १९४८ पर्यंत होता.

हे घराणे ठाणे प्रांतातील समुद्रकाठच्या तारापूरचे. मेहेरजींचे वडील पुत्र विकाजी व धाकटे पेस्तनजी. इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या काळात विकाजींनी उत्तर कोकणातील जकातीचे मक्ते घेतले आणि त्यांत संपत्ती व लौकिक दोन्ही मिळविले. तारापुरास त्यांनी अग्यारी बांधली. वडील भावाने मुंबईकडची बाजू सांभाळली आणि धाकट्याने पुढे घाटावर व्यापार वाढविला. दोघांची नावे त्या काळी जोडीनेच घेतली जात.

ह्या बंधूंचे खरे मोठेपण कापसाच्या व्यापारात आहे. १८२५-२६ साली त्यांनी वऱ्हाडचा कापूस घाट उतरून मुंबईस नेला. माल १,२०,००० पौंड, किंमत सुमारे २५,००० रुपये, आणि वाहतुकीस ५०० बैल. म्हणजे दर बैलाच्या पाठीवर २४० पौंडांचे ओझे. त्या वेळी आगगाडी नव्हती, पक्की सडकही नव्हती. अशा काळात शेकडो मैलांची वाट तुडवून हा माल बंदराला लावणे हे साहसच होते. त्यांनी कापूस पिकविणाऱ्यास सढळ हाताने आगाऊ रकमा दिल्या आणि खामगाव वगैरे ठिकाणी गठ्ठे दाबण्याचे यंत्र-दाब उभे केले. शेतकऱ्यास भांडवल, मालास वाट आणि गावास बाजार ही तिन्ही त्यांनी मिळवून दिली. सावकारी अशी असेल तर तिला कोण नावे ठेवील?

पण त्याच सुमारास हैदराबादचा खजिना रिता होत चालला होता. राजा चंदुलाल ह्यांच्या हाती दौलतीचा कारभार असताना फौजेचा खर्च कर्जाने भागवावा आणि जुने कर्ज नव्या कर्जाने फेडावे, अशी वहिवाट पडली. प्रथम पामर कंपनीची पेढी ह्या व्यवहारात शिरली आणि १८२४ साली बुडाली. पुढे पूरणमल नावाच्या सावकाराने वऱ्हाडचा बहुतेक वसूल मक्त्याने घेतला. १८३९ साली इंग्रज रेसिडेंटाच्या दडपणाने त्यास दूर सारण्यात आले आणि त्या जागी पेस्तनजींची पेढी आली. औरंगाबादच्या टाकसाळीतून निघालेले रुपये लोक पेस्तनशाही म्हणून ओळखू लागले. सावकाराच्या नावाने नाणे चालावे, ह्याहून राज्याच्या दुबळेपणाची दुसरी साक्ष कोणती पाहिजे?

१८४१ साली चंदुलालांनी कर्जाच्या फेडीसाठी वऱ्हाडातील मोठ्या मुलखाचा वसूल पेढीस लावून दिला. येथेच चरित्रास वळण लागले. कालपर्यंत जो शेतकऱ्यास आगाऊ पैसे देई, तोच आज त्याच्याकडून सारा घेऊ लागला. व्यापाऱ्यास कूळ जगले तर लाभ असतो. मक्तेदाराची नजर मात्र मुदत संपण्यापूर्वी हाती काय येते ह्यावर असते. माणूस तोच असला, तरी आता त्याचे हित आणि रयतेचे हित ह्यांची गाठ सुटली.

१८४३ साली चंदुलाल पायउतार झाले. त्यांच्यामागून आलेल्या कारभाऱ्यांनी लावून दिलेला मुलूख परत मागितला. दिलेले कर्ज वसूल झालेले नसल्यामुळे पेस्तनजींनी तो सोडण्याचे नाकारले. परंतु १८४५ साली तो त्यांच्या हातून काढून घेण्यात आला. १८४८ च्या सुमारास पेढी बसली. त्याच पडत्या काळात, १८४७ साली, ह्या बंधूंची सिकंदराबाद येथील अग्यारी उभी राहिली, आणि ती आजही आहे. धर्मासाठी केलेले दान टिकले, दरबाराशी केलेला करार टिकला नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहता पेस्तनजींचा दावा पोकळ होता असे आम्हांस वाटत नाही. ज्याने पैसे दिले त्याने ते मागावे हे न्याय्यच आहे. पण खाजगी ऋणकोवर फिर्याद करता येते. राजावर कोठे करावयाची? ज्याच्यावर हुकूमनामा बजावता येत नाही, त्याच्याशी केलेला व्यवहार अखेर मर्जीचा व्यवहार ठरतो, आणि मर्जी कारभाऱ्याबरोबर बदलते.

आयर्लंडातील जेमसन घराण्याची हकीकत ह्याच्या शेजारी ठेवून पाहावी. जॉन जेमसन हे मूळचे स्कॉटलंडचे. १७८० च्या सुमारास त्यांचा डब्लिन शहरातील दारूच्या भट्टीशी संबंध जडला. दारूचा धंदा स्तुत्य आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तथापि ते घराणे सरकारास कर देत राहिले, सरकारच्या वतीने कर गोळा करावयास गेले नाही. त्यांची पेढी पिढ्यान्‌पिढ्या चालली व १९६६ साली इतर पेढ्यांत मिळाली. बिनतारी संदेशाचे प्रवर्तक मार्कोनी ह्यांची आई ह्याच घराण्यातील होय.

इकडे काय झाले? कर्जात रुतलेल्या दरबारास १८५३ साली फौजेच्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती द्यावे लागले. सावकार बुडाला, राजाचा मुलूख गेला आणि रयत दोहोंच्या मध्ये भरडली गेली. पुढे दिवाण सालारजंग ह्यांनी मक्त्याची रीत मोडून पगारी अंमलदार नेमले. पण तोवर व्हावयाचे नुकसान होऊन चुकले होते.

पेस्तनजींस आम्ही दोष देण्यासाठी हे लिहिले नाही. पाचशे बैलांचा तांडा घाटाखाली उतरविणारा पुरुष आमच्या आदरासच पात्र आहे. आमचा आक्षेप सार्वजनिक वसूल खाजगी वहीत लिहिण्याच्या रीतीवर आहे. निजामी गेली, मक्ते मात्र टोलनाक्यांच्या रूपाने अजून दिसतात. म्हणून नागरिकांनी प्रत्येक कराराचा हिशेब उघडपणे मागावा. आणि व्यापारी बंधूंनी आपले भांडवल शेतात, मालात व वाटेत घालावे, सत्ताधाऱ्याच्या मर्जीत घालू नये.