शिनिचिरो साकुराई

शिनिचिरो साकुराई (३ एप्रिल १९२९ – १७ जानेवारी २०११) हे जपानी मोटार अभियंते होते. स्कायलाइन या मोटारगाडीच्या पहिल्या अनेक पिढ्यांच्या घडणीत त्यांचा वाटा होता. म्हणून त्यांना ‘स्कायलाइनचे जनक’ म्हटले जाते. नेहमीच्या उत्पादनातील गाडीत कारखान्यातच मोठे फेरबदल करून मोजक्या संख्येने वेगवान गाड्या काढण्याची परंपरा जपानमध्ये रुजली, तिच्या आरंभकर्त्यांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभीची कारकीर्द

साकुराई यांचा जन्म योकोहामा येथे झाला. १९५२ साली ते, पुढे प्रिन्स मोटार कंपनी या नावाने ओळखल्या गेलेल्या, उद्योगात रुजू झाले. १९५७ साली बाजारात आलेल्या पहिल्या स्कायलाइनच्या निर्मितीत ते सहभागी होते.

सुझुकाची शर्यत

१९६३ साली सुझुका येथे पहिली जपान ग्रांप्री झाली. गाड्यांमध्ये फेरबदल करायचे नाहीत, असे कारखानदारांमध्ये आपसांत ठरले होते. प्रिन्सने हा संकेत पाळला आणि तिच्या गाड्या सपशेल मागे पडल्या. या नामुष्कीनंतर पुढील वर्षीच्या तयारीत साकुराई यांच्यावर मोठी जबाबदारी आली.

स्कायलाइन १५०० ही चार सिलिंडरची कौटुंबिक गाडी होती. तिच्यात ग्लोरिया या मोठ्या गाडीचे सहा सिलिंडरचे १,९८८ घनसेंमी क्षमतेचे इंजिन बसवायचे ठरले. परंतु ते लांब असल्याने पुढील भागात मावेना. तेव्हा गाडीचा पुढचा भाग २०० मिलिमीटरने वाढवण्यात आला. शर्यतीच्या नियमानुसार अशा किमान १०० गाड्या तयार करणे आवश्यक होते; तेवढ्या गाड्या बांधण्यात आल्या.

मे १९६४ मधील शर्यतीत त्यांच्यासमोर पोर्शे ९०४ ही खास शर्यतीसाठी घडवलेली जर्मन गाडी होती. तेत्सू इकुझावा यांच्या स्कायलाइनने एका फेरीत तिला मागे टाकले, तेव्हा प्रेक्षकांनी मोठा जल्लोष केला. अखेरीस पोर्शेच जिंकली, मात्र दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सर्व क्रमांक स्कायलाइन गाड्यांनी पटकावले. स्कायलाइनची कीर्ती विजयापेक्षा या पराभवानेच अधिक पसरली. १९६५ साली १२५ अश्वशक्तीची २०००जीटी सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आली.

आर३८० आणि जीटी-आर

पोर्शेला उत्तर म्हणून साकुराई यांच्या नेतृत्वाखाली आर३८० ही शर्यतीची गाडी तयार झाली. तिने १९६६ ची जपान ग्रांप्री जिंकली. त्याच वर्षी प्रिन्स कंपनी निस्सानमध्ये विलीन झाली. आर३८० च्या इंजिनावरून विकसित केलेले १६० अश्वशक्तीचे इंजिन बसवून फेब्रुवारी १९६९ मध्ये पहिली स्कायलाइन जीटी-आर आली. १९७२ पर्यंत तिने सुमारे ५० शर्यती जिंकल्या. १९७३ ची दुसरी जीटी-आर मात्र धुराविषयीच्या कडक नियमांमुळे अल्पायुषी ठरली. तिच्या केवळ १९७ गाड्या निघाल्या.

ऑटेक

सातव्या पिढीच्या स्कायलाइनचे काम सुरू असताना साकुराई गंभीर आजारी पडले आणि सूत्रे त्यांचे सहकारी नागानोरी इतो यांच्याकडे गेली. १९८९ साली जीटी-आरचे पुनरागमन झाले, ते इतो यांच्याच देखरेखीखाली.

१९८६ साली स्थापन झालेल्या ऑटेक जपान या निस्सानच्या उपकंपनीचे साकुराई पहिले अध्यक्ष झाले. निस्सानच्या तयार गाड्यांना वेगळे रूप देणे हे तिचे काम होते. अपंगांसाठीची वाहने आणि मर्यादित संख्येतील वेगवान गाड्या तेथे तयार होत. इटलीतील झागातोच्या सहकार्याने, निस्सान लेपर्डच्या पायावर बांधलेली स्टेल्व्हिओ ही त्यांपैकीच एक होय. पुढे त्यांनी एस अँड एस इंजिनिअरिंग ही स्वतःची संस्था काढली.

सन्मान

२००५ साली त्यांचा जपान ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. २०११ साली वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.