मुक्या जीवांचा कैवारी : डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर

थोर पुरुषांचीं चरित्रें मनास उन्नत वळण लावितात. म्हणून आफ्रिकेच्या अरण्यांत माणसांबरोबर मुक्या जनावरांचीहि शुश्रूषा करणाऱ्या एका सत्पुरुषाची ओळख आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहों.

डॉ. श्वाइट्झर यांचा जन्म ता. १४ जानेवारी १८७५ रोजीं आल्सेस प्रांतांतील कायझर्सबर्ग या गांवीं झाला. हा प्रांत त्या काळीं जर्मनीच्या अमलाखालीं होता. त्यांचे वडील पाळक होते. प्रार्थनेंत केवळ माणसांसाठींच मागणें असावें, हें लहानग्या आल्बर्टास पटत नसे. म्हणून रात्रीं निजतांना सर्व जीवमात्रांसाठीं स्वतः रचलेली प्रार्थना तो मनांतल्या मनांत म्हणे. एकदां एका सोबत्यानें त्यास बेचकीनें पक्षी मारण्यास नेलें. नेम धरला, इतक्यांत उपासनामंदिराची घंटा वाजूं लागली. त्या नादानें त्याचें मन जागें झालें, आणि बेचकी टाकून त्यानें ते पक्षी उडवून लाविले.

पुढें तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र व संगीत यांत त्यांनीं मोठी कीर्ति मिळविली. परंतु तिशीच्या सुमारास ते वैद्यक शिकूं लागले. आणि १९१३ सालीं पत्नीसह ओगोवे नदीच्या कांठीं लांबारेने येथें जाऊन तेथील मिशनच्या आवारांत त्यांनीं रुग्णालय सुरू केलें. १९१५ च्या सप्टेंबरांत एका मिशनरी गृहस्थांच्या आजारी पत्नीस पाहण्यासाठीं ते नदींतून चालले होते. सूर्यास्ताच्या वेळीं त्यांची बोट पाणघोड्यांच्या कळपाजवळून गेली. त्याच क्षणीं, जीवमात्राविषयीं आदर हेंच नीतीचें मूळ, हा विचार त्यांच्या मनांत उदय पावला.

हा विचार केवळ ग्रंथांत राहिला नाहीं. जखमी व पोरक्या पशुपक्ष्यांस रुग्णालयाच्या आवारांत आसरा मिळूं लागला. इमारतीचा खांब पुरण्यापूर्वीं खड्ड्यांत एखादी मुंगी किंवा बेडूक पडला आहे काय, हें डॉक्टर वांकून पाहत आणि असल्यास त्यास बाहेर काढीत.

तथापि दयेचा मार्ग वाटतो तितका सोपा नसतो. एकदां कांहीं गांवकऱ्यांनीं नदीच्या वाळवंटावर मत्स्यगरुडाचें पिलूं पकडलें. त्याचे हाल होऊं नयेत म्हणून डॉक्टरांनीं तें विकत घेतलें. परंतु त्यास उपाशीं मरूं द्यावें, कीं त्याच्यासाठीं रोज लहान मासे मारावेत? त्यांनीं दुसरा मार्ग पत्करला. मात्र एका जिवासाठीं आपण इतरांचा बळी देत आहों, ही टोंचणी त्यांस रोज लागे. पंख छाटलेले चार पाणकोळी पक्षी त्यांच्याकडे आले, तेव्हांहि हाच पेंच पडला. पंख वाढून त्यांस पुन्हां उडतां येण्यास दोन-तीन महिने लागणार होते. तोंवर मासे धरून आणण्यास त्यांनीं एक कोळी नेमला. माशांचीहि त्यांस मनापासून कींव येई. आपली निवड योग्यच आहे, असा दावा त्यांनीं केला नाहीं. पण निवड करण्याचें त्यांनीं टाळलेंहि नाहीं.

भारतीय विचारधारेवर त्यांनीं १९३५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. अहिंसेच्या तत्त्वाचें मोल त्यांनीं मान्य केलें. परंतु जिवास न दुखविणें एवढ्यानें भागत नाहीं, दुःखी जिवाच्या मदतीस धांवून गेलें पाहिजे, असें त्यांचें मत होतें.

१९५२ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. तें द्रव्य त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठीं खर्च केलें. ता. ४ सप्टेंबर १९६५ रोजीं लांबारेने येथेंच त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, संक्रांतीच्या सुमारास मांजानें पंख कापलेला पक्षी आपल्या अंगणांतहि पडतो. त्यास हळुवार हातानें उचलून वनखात्याच्या किंवा जाणत्या पशुवैद्याच्या स्वाधीन करावें. पिंजऱ्यांत घालून आपलासा करूं नये. डॉक्टरांनीं पाणकोळ्यांचे पंख वाढण्याची वाट पाहिली, ती त्यांस जवळ ठेवण्यासाठीं नव्हे, तर आकाश परत देण्यासाठीं. खरी दया ती हीच, असें आम्हांस वाटतें.