विज्ञानातील सोवळे आणि दामोदर कोसंबी

मुंबईकडे निघालेली डेक्कन क्वीन पिंपरीचा परिसर ओलांडून मावळात शिरे, तेव्हा तिच्या डब्यात अनेक वर्षे एक गणिती बसलेला असे. दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. सुट्टीत मात्र ते पुण्याभोवतीचे डोंगर तुडवीत आणि अश्मयुगीन माणसाची गारेची बारीक हत्यारे वेचीत. आज चाकणच्या कारखान्यांजवळून जो रस्ता उत्तरेस जातो, त्या बाजूच्या जुन्नरची लेणी आणि इकडे कार्ल्याची लेणी यांचा प्राचीन व्यापारी मार्गांशी असलेला संबंध त्यांनी पायी हिंडून दाखविला.

गोव्यातील कोसबेन येथे १९०७ साली जन्मलेल्या आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेतलेल्या या माणसाने ज्ञानक्षेत्रांची कुंपणे कधी मानलीच नाहीत. नाणे जितके हातोहाती फिरते तितके झिजते, या साध्या गोष्टीवरून त्यांनी तक्षशिलेच्या आहत नाण्यांची वजने तपासली आणि त्यांचा कालक्रम लावला. अनेक इतिहासकारांना ही गणिताची घुसखोरी वाटली. व्यवसायाने जीवशास्त्रज्ञ नसताना १९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र मांडले. वनस्पतींच्या पैदाशीचे संशोधक ते आजही वापरतात.

मग १९५९ मध्ये त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात संभाव्यतेच्या आधारे रीमानच्या गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा केला. सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांनी ती नाकारली यात अन्याय काहीच नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु चूक दाखविणे वेगळे आणि चुकणाऱ्याची टवाळी करणे वेगळे. ज्या संभाव्यतेच्या वाटेने नाणी बोलकी झाली, तीच वाट येथे फसली; आधी कोणती वाट फळेल हे सांगणारा ज्योतिषी कोणत्याच विद्यापीठात नसतो.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढविला नाही. त्यामागे हा फसलेला दावा होता, तसेच शांतता चळवळीतील सहभाग आणि अणुऊर्जेच्या धोरणाला असलेला विरोधही होता, असे सांगितले जाते. भारतासारख्या उन्हाच्या देशाने सूर्यशक्तीकडे वळावे, असे ते अणुभट्ट्यांच्या भरात सांगत होते. (आज याच औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांच्या छपरांवर सौरपट्ट्या दिसतात, आणि त्यात कोणाला विक्षिप्तपणा वाटत नाही.) सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनात मतभेदाची किंमत नोकरीने मोजावी लागली, तर तरुण संशोधक विषय निवडतानाच वरिष्ठांचा चेहरा पाहू लागतो.

कोसंबींनी तो कधी पाहिला नाही. १९६४ मध्ये त्यांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद शास्त्रज्ञपद मिळाले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम सुरू झाले. २९ जून १९६६ रोजी, ५८ वर्षांचे असताना, झोपेतच त्यांचे निधन झाले.