त्यागमूर्ती जुझे वाझ

प्रेम हा शब्द उच्चारण्यास सोपा आहे. परंतु त्याचे मोल देण्याची वेळ येते तेव्हाच माणसाची खरी परीक्षा होते. आपल्या शिष्यांची ओळख जगाला त्यांच्या परस्परप्रेमावरून पटावी, अशी ख्रिस्ताची शिकवण आहे. ही ओळख आपल्या जीवनाने पटवून देणारा एक पुरुष गोमंतकाच्या भूमीत जन्मला, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे झाला. त्यांचे घराणे सांकवाळचे. घरातील बोली आपलीच कोंकणी. १६७६ साली ते पाद्री झाले. त्या काळी श्रीलंकेचा किनारा पोर्तुगीजांकडून डचांच्या हाती गेला होता. डचांनी कॅथलिक पाद्र्यांना तेथे मज्जाव केल्यामुळे तेथील कॅथलिक प्रजा धर्मगुरूंवाचून पोरकी झाली होती. ही वार्ता ऐकून वाझ यांना स्वस्थ बसवेना.

१६८७ साली त्यांनी पाद्र्याचा झगा उतरविला, दरिद्री माणसाचा वेष घेतला आणि एका विश्वासू सेवकासह जाफना गाठले. प्रवासातील हालांमुळे त्यांना आमांशाने गाठले होते. बरे झाल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागत हिंडू लागले. ती माळ पाहून कोणाच्या मुद्रेवर आपलेपणा उमटतो, हे ते हेरीत आणि रात्रीच्या अंधारात त्या घरी प्रार्थना चालवीत.

१६९२ साली ते डोंगराळ प्रदेशातील कँडीच्या राज्यात गेले. तेथे पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना बंदिवासात टाकण्यात आले. त्या बंदिवासातही त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास केला. त्यांचे निर्मळ आचरण पाहून पुढे राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचे मन निवळले.

१६९७ साली कँडीत देवीची भयंकर साथ आली. भीतीने रक्ताची नाती तुटली. आजाऱ्यांना घराबाहेर, रानात टाकून आप्तजन पळू लागले. ज्या नगराने आपल्याला बेड्या घातल्या, त्या नगराला सोडून जाणे वाझ यांना कठीण नव्हते. परंतु ते आपला भाचा पाद्री जुझे कार्व्हालो याच्यासह तेथेच राहिले. त्यांनी आजाऱ्यांना निवारा दिला, अन्नपाणी दिले, त्यांच्या जखमा धुतल्या, मृतांना मूठमाती दिली. ते आले होते आपल्या धर्मबांधवांच्या ओढीने. परंतु त्या दिवसांत समोरचा रोगी कॅथलिक की बौद्ध, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नाही. माळ पाहून आपले माणूस शोधणाऱ्या त्या पाद्र्याला आता प्रत्येक रोगी आपलाच झाला होता.

पुढे बिशपपद चालून आले असता त्यांनी ते नम्रपणे नाकारले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. गोव्याचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

देवीचा रोग जगातून समूळ नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. रोग गेला, परंतु दुःखितापासून दूर पळविणारी भीती माणसाच्या मनातून अजून गेलेली नाही. ती भीती जिंकून आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हेच या गोमंतकपुत्राचे खरे स्मारक ठरेल, असे आम्हांस वाटते.