बागलकोटचे मास्तर आणि प्लूटो



विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात आपल्या आठवीच्या एका मुलाने व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यावर छान भाषण केले. प्लूटोचा शोध केतकरांनी लावला, असे त्याने शेवटी सांगितले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ते भाषण आधी मीच तपासून दिले होते. म्हणजे चूक मुलाची नसून माझी आहे. ती दुरुस्त व्हावी आणि या थोर गणितज्ञाची खरी ओळख व्हावी, म्हणून हा लेख.

केतकरांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. आज हे गाव गदग जिल्ह्यात आहे. तेथील संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध बंड केले आणि त्यांना आपल्या बेळगावात फाशी देण्यात आले. त्या वेळी व्यंकटेश चार वर्षांचे होते. वडील बापूशास्त्री ज्योतिषाचे विद्वान होते, त्यामुळे ग्रहगणिताची गोडी घरातच लागली. मॅट्रिकपर्यंत शिकून ते १८७४ पासून मुंबई इलाख्याच्या शाळाखात्यात शिक्षक झाले. पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. हाताशी वेधशाळा नव्हती, मोठी दुर्बीण नव्हती. शाळेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी आकडेमोड केली.

त्या काळी आपल्याकडची बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून तयार होत. हा ग्रंथ १५२० सालच्या सुमाराचा. मूळ गणितात लहानशी चूक असली तरी साडेतीनशे वर्षांत ती साठत जाते. त्यामुळे पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसेना, ग्रहणाच्या वेळा चुकू लागल्या. केतकरांनी युरोपातील नव्या खगोलशास्त्राचा अभ्यास करून 'ज्योतिर्गणितम्' हा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. आपल्या पंचांगकर्त्यांना परिचित असलेल्या पद्धतीने, पण आकाशाशी जुळणारे गणित करता यावे, हा त्यामागचा हेतू होता. 'केतकी ग्रहगणितम्', 'वैजयंती', 'नक्षत्रविज्ञान' असे इतर ग्रंथही त्यांनी लिहिले.

नक्षत्रचक्राचा आरंभ कोठे धरावा, हाही तेव्हा मोठ्या वादाचा विषय होता. लोकमान्य टिळक रेवती नक्षत्रातील ताऱ्याच्या बाजूचे होते. केतकरांनी चित्रा तारा प्रमाण मानला आणि लोकमान्यांसारखा मोठा माणूस विरुद्ध असतानाही आपले मत सोडले नाही. पुढे स्वतंत्र भारतात डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चित्रापक्षच स्वीकारला आणि १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. हे पाहायला केतकर हयात नव्हते.

आता प्लूटोकडे वळू. गुरूच्या तीन चंद्रांमध्ये एक सुंदर ताळमेळ आहे. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी याचा अभ्यास केला होता. असाच ताळमेळ युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्या पलीकडील ग्रहांत असेल, असे केतकरांनी गृहीत धरले. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी दोन अज्ञात ग्रहांचे भाकीत मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू ही नावे दिली. पृथ्वी-सूर्य अंतराला १ मानले तर ब्रह्माचे अंतर ३८.९५ आणि प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षे, असे त्यांचे उत्तर होते.

१९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ या शेतकऱ्याच्या मुलाने आकाशाची छायाचित्रे ताडून पाहताना प्लूटो शोधला. त्याचे सरासरी अंतर ३९.४८ आणि काळ सुमारे २४८ वर्षे. आकडे किती जवळ आहेत पाहा! त्याच वर्षी केतकरांचे निधन झाले.

मग शोध केतकरांचा का म्हणू नये? एक तर तो ग्रह आकाशात नेमका कोठे दिसेल हे त्यांनी सांगितले नव्हते. दुसरे असे की युरेनस आणि नेपच्यून यांच्यात त्यांनी मानलेला ताळमेळ प्रत्यक्षात पूर्णपणे नाही.  प्लूटोचे नेपच्यूनशी प्रमाण २ : ३ आहे. विष्णू तर कधी सापडलाच नाही.

पुढे १९ जानेवारी २००६ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोकडे निघाले. टॉम्बॉ यांच्या अस्थींचा थोडा अंश त्यात ठेवला होता. यान वाटेत असतानाच, ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली. साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर १४ जुलै २०१५ रोजी यान त्याच्याजवळून गेले. नायट्रोजनच्या बर्फाचे मैदान आणि पाण्याच्या बर्फाचे उंच डोंगर तेव्हा प्रथमच जवळून दिसले. प्लूटोचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्रापेक्षाही लहान.

केतकरांचा मोठेपणा यामुळे कमी होतो, असे मला वाटत नाही. पंचांगातले लिखित आणि आकाशातले प्रत्यक्ष जुळत नसेल तर लिखित सुधारावे, हेच ते जन्मभर सांगत आले. त्यांच्याविषयी बोलताना आपणही तेच केले पाहिजे.

मुलांनो, नेपच्यूनची प्रदक्षिणा सुमारे १६५ वर्षांची आहे. तिला ३ ने गुणा, २ ने भागा आणि उत्तर प्लूटोशी ताडून पाहा. आणि चैत्र पौर्णिमेच्या रात्री घरच्यांना घेऊन गच्चीवर जा. चंद्राच्या आसपास जो ठळक शुभ्र तारा दिसेल, तीच केतकरांची चित्रा.