विश्लेषण : बसताही न येणाऱ्या बाबा आमटेंनी देश कसा पालथा घातला? पाठदुखीत भोवतालाला महत्त्व का?

विरार लोकलमध्ये तास-तास उभ्याने प्रवास करणाऱ्यांना पाठदुखी नवी नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात एक्स-रेबरोबर रुग्णाचा भोवतालही तपासावा, असे अनेक डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट मानतात. बाबा आमटेंचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

वकिलीतून आनंदवनाकडे

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटच्या जमीनदार घरात झाला. वरोऱ्यात वकिली करताना कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम दिसला आणि ते घाबरले. त्या भीतीवर मात करण्यासाठी ते कुष्ठसेवेकडे वळले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, पुढे मोजक्या रुग्णांसह आनंदवन उभे राहिले.

दुखणे कसे होते?

मणक्यांच्या झिजेमुळे उत्तरायुष्यात त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच पर्याय उरले. तरी १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. तरुण सायकलवर, बाबा वाहनातील बिछान्यावर. १९९० मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले.

यात भोवताल कोणता?

साधनाताईंची साथ, सहकाऱ्यांचा विश्वास, हाती घेतलेले काम आणि शरीराला सोसेल अशी बदललेली व्यवस्था. उपचारांतही असेच घटक असतात : डॉक्टरांचे शब्द, रुग्णाची अपेक्षा, आधीचे अनुभव, घर आणि नोकरी. ‘मणका पूर्ण झिजलाय’ एवढेच ऐकलेला रुग्ण हालचालीलाच घाबरतो. नीट समजावले तर तो व्यायामाला तयार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही रुग्णशिक्षण, व्यायाम व मानसोपचार यांना स्थान आहे.

मग जिद्द पुरेशी आहे का?

नाही. बाबांची झीज जिद्दीने भरून निघाली नाही; शस्त्रक्रिया आणि पट्टे त्यांनाही चुकले नाहीत. भोवताल महत्त्वाचा म्हणजे दुखणे मनाचे खेळ, असा अर्थ काढणे रुग्णावर अन्याय आहे. पायांतील ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा पाठदुखीसोबत ताप येणे, अशा वेळी तातडीने डॉक्टर गाठावा.

बाबांचे ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात निधन झाले. दुखणे अखेरपर्यंत सोबत होते, कामही.