रेव्हरंड ना. वा. टिळक : देव आणि मानव यांच्या नात्याचा शोध

देव व मानव यांच्या नात्याविषयीचा ख्रिस्ती विचार काही मूलभूत सूत्रांवर उभा आहे. देवाने मानवाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले. पापामुळे दोघांत दुरावा आला. ख्रिस्ताच्या देहधारणेने व बलिदानाने तो मिटला. हा समेट मानवी कर्माचे फळ नसून देवाची कृपा आहे व ती श्रद्धेने स्वीकारावयाची असते. हा विचार मराठी भक्तिपरंपरेच्या भाषेत रुजविणारे कवी म्हणून नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचा आपण परिचय करून घेऊ.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृतचा व्यासंग, कवित्वशक्ती आणि अस्वस्थ जिज्ञासा ही त्यांच्या तारुण्याची लक्षणे होत. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

देवाशी नाते जुळले, परंतु माणसांशी असलेली नाती तुटली. पत्नी लक्ष्मीबाई मुलासह पंढरपूर येथे नातलगांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळेओवळे पाळीत राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. देव जे नाते मानवावर लादीत नाही, ते एका माणसाने दुसऱ्यावर कसे लादावे? १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या श्रद्धेची खरी कसोटी या प्रतीक्षेत लागली, असे म्हणता येईल.

पाश्चात्त्य धर्मशास्त्रात या नात्याचे विवेचन पुष्कळदा अपराध, दंड व क्षमा या न्यायालयीन परिभाषेत केलेले आढळते. टिळकांनी त्याला दुसरी भाषा दिली. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरू, सखा आणि माउली आहे; मानव हा त्याला शरण आलेला भक्त आहे. हा केवळ शब्दांचा बदल नव्हे. आरोपी न्यायाधीशापुढे भयाने उभा राहतो. लेकरू आईकडे धाव घेते. पापाची जाणीव दोन्हीकडे असते, परंतु नात्याचा भाव पालटतो. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती. ख्रिस्ती होण्यासाठी आपली भाषा व संस्कृती टाकावी लागत नाही, हे त्यांनी काव्यातून दाखवून दिले.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन आणि विपुल काव्यलेखन यांत त्यांची पुढील वर्षे गेली. १९१७ साली त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत एकत्र यावेत, असा त्यांचा हेतू होता. देवाचे पितृत्व मान्य केले की मानवाचे बंधुत्व ओघानेच येते, हा त्यामागील विचार होय. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एकेकाळी ज्या श्रद्धेमुळे हे दांपत्य दुरावले होते, तिचेच महाकाव्य त्या लिहीत होत्या.

विचार करा : ‘न्यायाधीश’ आणि ‘माउली’ या दोन प्रतिमांमुळे देव व मानव यांच्या नात्याच्या आकलनात कोणता फरक पडतो?